सायलेन्सरला भोकं पाडली तर ताकद वाढते का?

प्रश्न : मी वाळूज एमआयडीसीत नोकरीला आहे, गाव पैठण तालुक्यात. मोसंबीच्या बागेतलं गवत काढायला आम्ही टू-स्ट्रोक ब्रश कटर घेतलं. नवं असताना झकास चालायचं, हल्ली जाड गवतात पातं फिरता फिरता बसतं. आमचे मिस्त्री म्हणतात, सायलेन्सरच्या डब्याला दोन-चार भोकं पाडू, मशीन मोकळं होईल. विहिरीच्या मोटारीला पाइप मोठा टाकला की पाणी जास्त येतं, तसंच हे. माझ्या १२५ सीसी मोटारसायकलचीही आतली जाळी काढून टाक, पिकअप वाढेल, असं मित्र सांगतात. यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, वाळूज

उत्तर : मिस्त्रींचं म्हणणं अर्धं खरं आहे. ब्रश कटरच्या डब्याचं तोंड मोठं केलं तर थोडी ताकद वाढू शकते, पण त्याबरोबर कार्ब्युरेटर सेट केला नाही तर पिस्टन जाम होण्याची वेळ फार लांब नसते. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र माझं उत्तर सरळ नकाराचं आहे. आणि तुमचं मशीन नवं असताना नीट ओढत होतं, त्या अर्थी त्याचा सायलेन्सर मुळात लहान नव्हता. नवं भोक पाडण्याआधी जुनं बुजलंय का ते पाहायला हवं. त्याकडे येतोच, पण आधी त्या पाइपाच्या उदाहरणाचं काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

विहिरीच्या पाइपातून पाणी अखंड वाहतं. इंजिनातला धूर हिसक्याहिसक्याने सुटतो. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन तळाला पोहोचायच्या आधीच एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडायला लागतो. त्या क्षणी सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या कित्येक पट दाब असतो आणि वायू शेकडो अंशांनी तापलेला असतो. तो वॉल्व्हच्या फटीतून फाडकन बाहेर पडतो आणि पाइपात दाबाची एक लाट उठते. ही लाट धुराच्याही पुढे धावते. तापलेल्या वायूत ध्वनीचा जो वेग असतो, सेकंदाला साधारण ५०० ते ६०० मीटर, त्या वेगाने. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा उघड्यावर संपतो, तिथून ती मागे फिरते आणि फिरताना उलटी होते. जाताना ढकलणारी होती, येताना ओढणारी होऊन येते. पाइप जिथे अरुंद होतो किंवा समोर पत्र्याची भिंत येते, तिथूनही ती परतते, पण ढकलणारीच राहते.

आता वेळेचा हिशेब मांडू. इंजिन ८००० आरपीएमला फिरत असेल तर क्रँकच्या एका फेऱ्याला साडेसात मिलिसेकंद लागतात. वॉल्व्हपासून एक मीटरवर पाइप डब्यात उघडत असेल, तर लाटेला जाऊन-येऊन दोन मीटर पडतात. सेकंदाला ५५० मीटर धरले तर साधारण ३.६ मिलिसेकंद. तेवढ्यात क्रँक १७५ अंशांच्या आसपास फिरलेला असतो. तीच गाडी ४००० आरपीएमला असेल तर तेवढ्याच वेळात क्रँक ८७ अंशच फिरतो. म्हणजे पाइप तोच, लाट तीच, पण एका वेगाला ती उशिरा भेटते आणि दुसऱ्या वेगाला लवकर. एक्झॉस्ट वॉल्व्ह मिटत आलेला आणि इनटेक वॉल्व्ह उघडू लागलेला, असा थोडा काळ असतो जेव्हा दोन्ही दारं एकदम उघडी असतात. ओढणारी लाट नेमकी तेव्हा पोहोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि ताजं मिश्रण भरभरून आत येतं. ढकलणारी लाट पोहोचली तर धूर परत आत शिरतो. सायलेन्सरची लांबी, पाइपाची जाडी, डब्यातल्या खोल्या आणि जाळ्या या सगळ्यांवर ठरतं की गाडीने कुठल्या वेगाला जोर धरायचा. त्यामुळे सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या तोंडावर बांधलेला बोळा, ही समजूत आधी डोक्यातून काढा. तो इंजिनाचाच भाग आहे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्या रोजच्या वाटेवरचं आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला आणि या परिसराची ओळख बदलली. याच कंपनीने २००० नंतरच्या दशकात डिस्कव्हर, प्लॅटिना अशा रोजच्या वापराच्या गाड्यांवर 'एक्झॉस्टेक' नावाची रचना आणली. लांब नाव टॉर्क एक्स्पान्शन चेंबर. तुमच्या ओळखीत कुणाकडे त्या काळातली प्लॅटिना असेल तर वाकून बघा. इंजिनातून निघालेल्या पाइपाला, सायलेन्सरच्या बऱ्याच आधी, एक फुगीर डबी जोडलेली दिसेल. पाइपातून तिच्यात शिरता येतं, पण तिथून पुढे बाहेर जायला वाट नाही. नुसतं बघणाऱ्याला ती निरुपयोगी वाटेल. तिचं काम लाटेशी आहे. डबीत शिरलेली लाट परतते ती अशा हिशेबाने की कमी आरपीएमला, म्हणजे सिग्नलवरून निघताना आणि चढावर, इंजिनाला ओढ मिळावी. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ओढ वाढवायची होती तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी भोक पाडलं नाही, उलट एक बंद डबा वाढवला. मोठा पाइप म्हणजे जास्त पाणी, या हिशेबात हे बसतच नाही.

टू-स्ट्रोकमध्ये तर सायलेन्सरचं महत्त्व आणखी मोठं. तिथे वॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट असतात आणि पिस्टनच ते उघडतो-झाकतो. ताजं मिश्रण आत येत असताना एक्झॉस्ट पोर्ट उघडाच असतो, त्यामुळे थोडं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर निसटतं. ते परत आत ढकलायची युक्ती पक्की बसवली पूर्व जर्मनीतल्या चोपाउ गावच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या इंजिनिअराने, १९५० च्या दशकात. त्याने पाइप आधी हळूहळू रुंद होत जाणारा, मग निमुळता होत जाणारा केला आणि शेवटी बारीक नळी ठेवली. रुंद होणारा भाग ओढणारी लाट परत पाठवतो, तिने धूर बाहेर खेचला जातो. पाठोपाठ निमुळत्या भागावर आपटून ढकलणारी लाट येते आणि निसटलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनाने २५ हॉर्सपॉवर गाठली, म्हणजे लिटरला २०० च्या हिशेबाने. आज तुमच्या १२५ सीसी गाडीची ताकद ११-१२ हॉर्सपॉवरच्या आसपास असेल, यावरून अंदाज करा. त्याच वर्षी एमझेडचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि ही विद्या त्याच्याबरोबर जपानला सुझुकीकडे पोहोचली. पुढच्याच वर्षी, १९६२ ला, त्याने सुझुकीला ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. आपल्याकडे ज्या यामाहा आरएक्स १०० च्या आवाजावर अजून लोक जीव टाकतात, तिच्या लांब सायलेन्सरमागेही हेच शास्त्र आहे. त्या पाइपाच्या शेवटची बारीक नळी कापून मोठी केली तर गाडी ओरडते, पण लाटेचा मेळ बिघडतो.

आता तुमचं ब्रश कटर. त्याचा सायलेन्सर एवढा घडवलेला नसतो. मुठीएवढा पत्र्याचा डबा, आत एखादा पडदा, तोंडाशी बारीक जाळी. मशीन खांद्याला लटकवून चालवायचं असल्याने काडेनसारखा लांब पाइप त्यावर बसणारच नाही. कंपनीने आवाज, वजन, धूर आणि ठिणगी या सगळ्यांचा मध्य काढून तो डबा केलेला असतो, त्यामुळे तोंड जरा जास्तच लहान ठेवलेलं असू शकतं. म्हणून मिस्त्रींचं म्हणणं अर्धं खरं, असं मी म्हटलं.

पण भोकाआधी जाळी. मशीन पूर्ण गार होऊ द्या, प्लगची टोपी काढून ठेवा. डब्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढा. धूर येतो त्या तोंडाशी एखादा स्क्रू असतो, तो सोडला की कपड्याच्या विणीसारखी बारीक तारेची जाळी हातात येते. ही ठिणगी अडवणारी जाळी. चांगली असेल तर उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसतं. हंगामभर चाललेल्या मशीनची बहुतेक वेळा काळ्या, डांबरासारख्या चिकट थराने भरलेली निघते, आणि मधे कुठेतरी दोन-चार छिद्रं तेवढी जागी असतात. इंजिन त्या दोन-चार छिद्रांतून श्वास टाकत असतं. फुल रेस घेत नाही, गवतात बसतं, गरम झालं की बंद पडतं, ही सगळी लक्षणं इथलीच. पितळी ब्रशने आणि पेट्रोलने जाळी घासा. थर फारच घट्ट असेल तर चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा, कार्बन जळून झडतो. हे काम पेट्रोलचा डबा आणि मशीन दोन्ही लांब ठेवून, आणि पेट्रोलने घासलेली जाळी पूर्ण वाळल्यावरच करा. मग डबा सोडून एक्झॉस्ट पोर्ट बघा. तिथेही कडेने कार्बनची खपली धरलेली असते. पिस्टन वर आणून पोर्ट झाका आणि लाकडी काडीने खपली हळूच काढा. स्क्रू ड्रायव्हर नको, पिस्टनला ओरखडा गेला तर पस्तावाल. एअर फिल्टरही याच वेळी धुऊन घ्या, मोसंबीच्या बागेतल्या धुळीत तो लवकर भरतो.

हा कार्बन इतका साचला कशाने, तेही शोधा. बहुतेक ठिकाणी ऑइल अंदाजाने ओतलं जातं आणि 'जास्त पडलं तर बरंच' असं मानलं जातं. मशीनच्या पुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. मापाचा पेला ठेवा. ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं. मोटारसायकलचं काढलेलं तर मुळीच नको.

एवढं करून मशीन पूर्वीसारखं ओढायला लागलं तर भोकांचा विषय संपला. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे तसंच होईल.

तरीही तोंड मोठं करायचं असेल तर डोळे मिटून ड्रिल चालवू नका, माप घ्या. समजा एक्झॉस्ट पोर्ट २४ मिमी रुंद आणि १० मिमी उंच आहे. क्षेत्रफळ झालं २४० चौरस मिमी. डब्याचं मूळ तोंड १० मिमी व्यासाचं, म्हणजे ७८ चौरस मिमी. ही कामं करणारे जाणकार बाहेरचं एकूण तोंड पोर्टच्या पाऊण हिश्शापुढे नेत नाहीत. इथे ते १८० चौरस मिमी येतं. दहा मिमीचं आणखी एकच भोक पाडलं तर दोन्ही मिळून १५७ झाले. तेवढं पुष्कळ झालं. मिस्त्रींच्या हिशेबाने चार पाडली तर बेरीज ३९० च्या वर जाते, म्हणजे पोर्टपेक्षाही मोठं तोंड. मग डब्यात जो थोडा दाब राहून ताजं मिश्रण निसटायला अडवत होता, तो गेला. पेट्रोल जास्त, ओढ कमी. ड्रिल करताना डबा इंजिनावरून काढून घ्या, नाहीतर धातूचा कीस पोर्टमधून आत जाऊन सिलिंडरची भिंत खरवडेल. भोकाचं तोंड टाकीकडे, मुठीकडे किंवा चालवणाऱ्याच्या अंगाकडे नको. आणि नव्या भोकावरही जाळी बसवलीच पाहिजे. एप्रिल-मे मध्ये बांधावरचं वाळलेलं गवत पेटायला एक ठिणगी बास होते, आणि शेजारी गव्हाचं काड किंवा उसाचं पाचट असेल तर ती आग तुमच्या बांधावर थांबणार नाही.

यापुढची पायरी गावागावांत चुकते. तोंड मोठं केलं की इंजिनातून हवा जास्त खेळते, पण पेट्रोल तेवढंच येतं. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणावर मशीन सुरुवातीला भन्नाट पळतं, वरच्या रेसला सणसणीत आवाज देतं, आणि लोक खूश होतात. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली वेगळं असतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, आणि आत आलेलं पेट्रोलच पिस्टनला थोडं गारही ठेवतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी आणि उष्णता जास्त. मराठवाड्याच्या चाळीस अंशांच्या दुपारी त्यात भर पडते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. म्हणून तोंड मोठं केलं तर कार्ब्युरेटरचा 'एच' लिहिलेला स्क्रू थोडा थोडा उलटा फिरवून पेट्रोल वाढवावं लागतं. पातं मोकळं फिरत असताना फुल रेसला आवाज किंचित भरडा, अडखळल्यासारखा यावा आणि गवतात घातल्यावर तो साफ व्हावा. मोकळ्यावरच आवाज एकसारखा कर्कश लागत असेल तर मिश्रण पातळ आहे, ताबडतोब रेस सोडा. नंतर प्लग काढून बघा : बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, चुन्यासारखा पांढरा असेल तर धोका, काळा-ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. काही स्वस्त मशीनांच्या कार्ब्युरेटरला हा स्क्रूच नसतो, काहींवर टोपी बसवून तो जखडलेला असतो. अशा मशीनच्या डब्याला हात लावू नका.

आणि कान. ब्रश कटरचं इंजिन चालवणाऱ्याच्या कमरेशी असतं. आवाज १०० डेसिबलपर्यंत गेला तर, कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतली निऑश ही संस्था जी मर्यादा सुचवते तिच्या हिशेबाने, दिवसाला १५ मिनिटंच ते सुरक्षित. ८५ डेसिबलला तीच मर्यादा आठ तासांची आहे. तोंड मोठं केलेला डबा जास्तच ओरडणार. तुमच्याकडे रोजाने गवत काढायला येणारा माणूस कान झाकायला मागणार नाही, तुम्हीच त्याला इअरमफ आणून द्या.

मोटारसायकलकडे वळतो. जाळी काढल्यावर पिकअप वाढल्यासारखा वाटतो तो आवाजामुळे. त्या आवाजात किती ताकद असते याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला कंपनीतून निघताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे आणि चाचणीत माइक गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर असतो. एवढा आवाज करायला लागणारी ध्वनिशक्ती एका वॅटच्या पन्नासाव्या भागाएवढी असते. आवाज २० डेसिबलने वाढून ९७ झाला तर ती शंभरपट होते, तरीही दोन वॅटच्या आतच. गाडीचं इंजिन आठ हजार वॅटचं आहे. गल्ली दणाणून सोडणारा आवाज इंजिनाच्या ताकदीत मोजायलाही पुरत नाही, आणि त्यासाठी तुम्ही ३०००-४००० आरपीएमची ओढ घालवता, जिच्यावर शहरातली सगळी ये-जा चालते.

तुमची गाडी १ एप्रिल २०२० नंतरची असेल तर ती बीएस-६ आहे. तिच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे आणि पाइपावर ऑक्सिजन सेन्सर. त्या सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल किती टाकायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो. मित्र जिला जाळी म्हणतात ती कित्येकदा हा कन्व्हर्टरच असतो, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारख्या महाग धातूंचा लेप असलेला. तो तोडून फेकला की विषारी कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा मागच्याच्या तोंडावर. वॉरंटीही गेली.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. आवाज-प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९०(२) मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद अशी तरतूद आहे. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या इंदोरी, पंजाबी पुंगळ्या (कर्कश आवाजाचे सायलेन्सर) रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडल्या आहेत आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. चावी बंद-चालू करून जे फटाके काढले जातात, ते म्हणजे न जळता सायलेन्सरमध्ये गेलेलं पेट्रोल तिथे पेटणं. त्यात पैसा जळतो, सायलेन्सर जळतो, आणि घाटी रुग्णालयाच्या वॉर्डात पडलेल्या पेशंटचा जीव घाबरा होतो. रुग्णालयाभोवतालच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे, हे त्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

गाडीची ओढ खरंच कमी झाली असेल तर एअर फिल्टर, प्लग, चेनचा ताण, क्लच आणि टायरची हवा या क्रमाने बघा. आवाज आपोआप वाढला असेल तर सायलेन्सर आणि सिलिंडरमधली गॅसकेट गेली असेल किंवा तळाला पत्रा गंजला असेल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. वाळूज ते बजाजनगर असा जवळचाच फेरा रोज होत असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, त्या वाफेचं आतच पाणी होतं आणि ते पत्रा आतून खातं. पाणी गळून जावं म्हणून बऱ्याच सायलेन्सरना तळाशी कंपनीनेच एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. काही जण ते गळकं समजून वेल्डिंग करून बंद करतात. ते उघडं राहू द्या, चिखलाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा.